नाकतोड्याचा खुराक आणि कोळ्याचा धागा: कोल्हापुरातलं एक प्रकरण

कोळ्याला काय खायला मिळतं यावर त्याच्या धाग्याचा कस ठरतो का? एम. एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आमच्या एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी हा प्रश्न घेतला. मार्गदर्शक मी होते. ती करवीर तालुक्यातली, घरचा ऊस आणि मळ्यात स्वतःचं गुऱ्हाळ. विषय घरी सांगितल्यावर तिच्या आबांनी जागच्या जागी निकाल दिला, “माशीवर कसलं सूत निघणार? नाकतोडा घाल त्येला. पैलवानाला खुराक लागतो, तसा ह्येलाबी लागतोय.” कोल्हापुरात तालीम आणि खुराक यांच्या गोष्टी ऐकतच माणूस मोठा होतो, त्यामुळे ते वाक्य तिच्या डोक्यात पक्कं बसलं. प्रबंधाचं गृहीतक लिहिताना तिने तेच जरा नीटनेटकं करून मांडलं: नाकतोडे खाणाऱ्या कोळ्याचा धागा माश्या खाणाऱ्या कोळ्याच्या धाग्यापेक्षा मजबूत असतो.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं की पहिलं उत्तर अगदी आबांच्या बाजूने आलं होतं. ते तसंच टाइप करून प्रबंध बांधायला देता आला असता. पण त्या उत्तराची एकेक बाजू तपासत गेलो, तसं कोळ्याच्या आहाराबद्दल खरोखर काय विचारायचं असतं ते उलगडत गेलं.

कोळी कोणता, धागा कोणता

निवडलेला कोळी नेफिला पिलिपेस, ज्याला जायंट वूड स्पायडर म्हणतात. पावसाळा सरत आला की आजरा, चंदगड, गगनबावडा या पट्ट्यात दोन झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत, डोक्याच्या उंचीला, उन्हात पिवळसर चमकणारं भलंमोठं जाळं आडवं येतं, ते हिचं. विणणारी मादी असते. काळ्या अंगावर पिवळ्या खुणा, आणि पाय पसरले तर तळहात भरेल एवढी. नर इतका लहान, की जाळ्याच्या कडेला बसलेलं तिचं पिल्लू वाटावं. ती चावलीच तरी माणसाच्या जिवाला धोका नसतो, पण वाटेत दिसली की काठीने जाळं पाडणारे पुष्कळ भेटतात, आणि ते पाहून दर वेळी जीव हळहळतो.

राधानगरीच्या अभयारण्यातून परवानगीशिवाय काही उचलायचं नाही, हे आधीच ठरलेलं होतं. आजऱ्याकडे ओळखीच्यांची काजूची बाग आहे. तिथल्या मालकांना विचारून माद्या आणल्या, आणि काम संपल्यावर जगलेल्या सगळ्या त्याच बागेत नेऊन सोडल्या.

आता धागा. जाळं विणणाऱ्या अशा मादीच्या पोटात सात प्रकारच्या रेशीमग्रंथी असतात आणि प्रत्येकीचं रेशीम वेगळं. चिकट गोल फेरे वेगळ्या ग्रंथीतले, त्यावरचा चिकटा वेगळ्या, अंड्यांची पिशवी आणखी वेगळ्या. आम्हाला हवा होता तो मोठ्या अँप्युलेट ग्रंथीतला धागा. जाळ्याची चौकट आणि आरे त्याचेच असतात, आणि खाली उतरताना कोळी त्याच्यावरच लोंबकळतो. या लेखात मी त्याला मुख्य धागा म्हणेन. ‘पोलादापेक्षा मजबूत’ असं ज्याच्याबद्दल वारंवार छापून येतं तो हाच. काटेकोर बोलायचं तर तेवढ्याच जाडीची उत्तम पोलादी तार थोडी जास्तच ताण सोसते. कोळ्याचा धागा पुढे जातो तो वजनाच्या हिशेबात, कारण त्याची घनता पोलादाच्या सुमारे सहाव्या भागाइतकी असते. आणि तो चिवट असतो. तुटण्याआधी पुष्कळ ताणला जातो आणि आदळणाऱ्या किड्याचा धक्का त्या ताणण्यातच जिरवतो.

हा धागा मुख्यतः दोन प्रथिनांचा असतो. अभ्यासक त्यांना मास्प-१ आणि मास्प-२ म्हणतात. दोन्हींमध्ये अ‍ॅलॅनिन या अमिनो आम्लाच्या सलग माळा असतात. त्या एकमेकींना घट्ट चिकटून अतिसूक्ष्म स्फटिक होतात आणि धाग्याला बळ देतात. स्फटिकांच्या मधला भाग सैल, गुंतवळासारखा असतो आणि ताणला जातो तो हाच भाग. मास्प-२ मध्ये प्रोलीन भरपूर असतं, मास्प-१ मध्ये ते जवळजवळ नसतंच. प्रोलीन जास्त, तर धागा जास्त ताणला जाणारा. आता प्रोलीन आणि ग्लुटामीन ही दोन अमिनो आम्लं शरीरात तयार करायची तर ऊर्जा बरीच खर्ची पडते. म्हणून मग शंका येते: पोटात प्रथिनं कमी गेली, तर कोळी महागडं मास्प-२ आखडतं घेऊन मास्प-१ वर भागवत असेल का? आहार आणि धागा यांना जोडणारा दुवा असेल तर तो इथे आहे.

शंका नवी नाही. कॅथरीन क्रेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली कॅरिबियन समुद्रातल्या १३ बेटांवरून अर्जिओपी अर्जेंटाटा या जातीच्या कोळ्यांचे धागे गोळा करून तपासले. ज्या धाग्यात सेरीन हे अमिनो आम्ल जास्त, त्यात ग्लायसिन हे दुसरं अमिनो आम्ल कमी, असा उलटा संबंध त्यांना दिसला. क्ष-किरणांनी पाहिलं तर फरक सैल भागात होता, स्फटिक तसेच होते. त्याच अर्जिओपी वंशातल्या दुसऱ्या एका जातीवर प्रयोगशाळेत केलेल्या प्रयोगांतून असं सुचत होतं, की धाग्यातला फरक भक्ष्य कोणतं आहे त्यानुसार पडतो, ते किती खाल्लं त्यानुसार नाही. रेशीमकिडा आयुष्यभर तुतीचा पाला खातो. कोळ्याचं तसं नाही. जाळ्यात जे पडेल ते त्याचं, मग उद्या त्याच्या ताटात काय येईल ते वारा आणि ऋतू ठरवणार. म्हणूनच त्याच्या धाग्यावर ताटाची सही उमटते का, हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो.

सोप्यातली मांडणी

तिच्या घराच्या सोप्यात भिंतीला लागून लाकडी चौकटी उभ्या केल्या आणि त्यांना दोन्ही अंगांनी मच्छरदाणीचं कापड लावलं. एका चौकटीत एकच मादी, कारण दोघी एकत्र ठेवल्या तर एक दुसरीला खाते. रोज संध्याकाळी पाण्याचा हलका फवारा.

माद्यांचे दोन गट केले. एका गटाला नाकतोडे, उसाच्या बांधावरच्या गवतातून पकडलेले. दुसऱ्याला माश्या, आणि त्यांची सोय गुऱ्हाळाने केली. काहिलीतला रस उकळायला लागला की वर येणारी मळी काढून बाजूला टाकतात, तिच्यावर माश्यांचं मोहोळ बसतं. जाळीचा एक फटकारा मारला की दिवसभराची बेगमी. मधमाश्या आणि गांधीलमाश्याही त्याच मळीवर येतात, त्या वेचून बाजूला काढाव्या लागत. भरलेली जाळी घेऊन ती दारात बसून माश्या निवडत असे तेव्हा गुळवे मामा काहिल ढवळता ढवळता थांबून बघत.

दोन्ही गटांना अन्न सारखं मिळायला हवं होतं. सारखं कशात? संख्येत अर्थ नाही, कारण एक नाकतोडा पुष्कळ माश्यांना भारी. म्हणून वजनात. पण मिलिग्रॅम दाखवणारा काटा घरी कुठला? तिच्या मामांचं गुजरीत छोटं सराफी दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्यांच्या सोन्याच्या काट्यावर आधी कागदाची पुडी आणि मग कीटक अशी वजनं व्हायची. तरीही एक गोष्ट उरतेच. नाकतोड्याचं कवच आणि कडक पाय कोळी खात नाही, चोथा करून टाकून देतो. तेव्हा वजन सारखं झालं तरी पोटात गेलेलं प्रथिन सारखं झालं असं म्हणता येत नाही, आणि प्रबंधात ते तसंच लिहिलं आहे.

धागा काढायची रीत जुनीच आहे. मादीला थर्माकोलच्या तुकड्यावर उताणं ठेवायचं, अंगावरून कापडाची मऊ पट्टी घेऊन पट्टीच्या टोकांना टाचण्या लावायच्या, कोळ्याला कुठेही टोचायचं नाही. मग सूतिकांतून, म्हणजे धागा जिथून बाहेर पडतो त्या पोटाच्या टोकाशी असलेल्या अवयवांतून, बाहेर आलेलं टोक चिमट्याने धरून हळू ओढायचं आणि फिरत्या रिळावर चढवायचं. रीळ हाताने फिरवला तर वेग कमीजास्त होतो आणि तेवढ्याने धागाच बदलतो, कारण भराभर ओढलेला धागा ताठर येतो आणि सावकाश ओढलेला मऊ. म्हणून खेळण्यातली मोटर बसवून वेग एकच ठेवला. आहारापेक्षा ओढण्याच्या वेगाने धागा जास्त बदलू शकतो, हे या क्षेत्रात काम करणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावं इतकं महत्त्वाचं आहे.

आहार सुरू केल्याबरोबर काढलेल्या धाग्यांत काहीच वेगळं दिसलं नाही. दिसणारही नव्हतं. ग्रंथीत आधीच तयार रेशीम साठवलेलं असतं आणि पहिल्यांदा तेच बाहेर येतं. शिवाय जाळं विणणारे कोळी जुना धागा खाऊन त्यातलं प्रथिन पुन्हा वापरतात, म्हणजे काजूच्या बागेत खाल्लेल्या किड्यांचं प्रथिन सोप्यातल्या जाळ्यातही फिरत राहतं. त्यामुळे थोडे दिवस जाऊ दिले, मधे जुनं रेशीम ओढून टाकलं, आणि मग मोजमापाला हात घातला.

आबा जिंकले

मोजायची पद्धत साधी होती. पोस्टकार्डाला खिडकी कापायची, धागा तिच्यावर उभा ताणून दोन्ही टोकांना गोंदाचा थेंब द्यायचा आणि कार्ड टांगायचं. खालच्या बाजूला कागदाची हलकी द्रोणी अडकवायची, खिडकीच्या दोन्ही कडा कातरायच्या, की सगळा भार धाग्यावर. मग कागदाच्या नळीतून बारीक चाळलेली वाळू द्रोणीत सोडायची, अगदी धार लागणार नाही इतकी हळू. धागा तुटला की द्रोणी वाळूसकट गुजरीच्या काट्यावर.

नाकतोडे खाणाऱ्या माद्यांच्या धाग्यांनी वाळू जास्त पेलली. फरक असा की आकडेमोड न करताही डोळ्यांना दिसावा. तिने घरी सांगितलं. आबांनी काही बोलण्याची गरजच नव्हती, पण ते बोललेच, “म्हटलं हुतं का नाही?”

मी तिला विचारलं, “धागे किती जाड आहेत?”

भिंतीवरचा लाल पट्टा

वाळू किती पेलली यावरून तो धागा काय पेलतो ते कळतं. ज्या रेशमाचा तो बनला आहे ते रेशीम चांगलं की वाईट, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी भाराला धाग्याच्या छेदाच्या क्षेत्रफळाने भागावं लागतं. उदाहरणादाखल हिशेब करून पाहा. ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाच्या तंतूचं छेदाचं क्षेत्रफळ सुमारे २० चौरस मायक्रॉन. रेशीम १ गिगापास्कल ताण सोसत असेल, तर असा एक तंतू साधारण २ ग्रॅम पेलेल. मुख्य ग्रंथींची जोडी असल्याने ओढून काढलेल्या धाग्यात बहुधा दोन तंतू असतात, म्हणजे ४ ग्रॅम. आता व्यास ५ चा ६ मायक्रॉन झाला, तर क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढतं आणि भारही तेवढाच जास्त पेलला जातो. रेशमात मात्र तिळाइतकाही बदल झालेला नाही.

म्हणजे जाडी मोजल्याशिवाय पुढे जाणं नाही. आमच्याकडच्या सूक्ष्मदर्शकाखाली असा तंतू दिसतो, पण कडा धूसर येते. अर्ध्या मायक्रॉनची जरी शंका राहिली, तरी क्षेत्रफळात ती वीस टक्क्यांची होते, आणि आम्ही शोधत होतो तो फरक त्या शंकेत बुडून जाण्याची भीती होती.

मार्ग सुचवला आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी. त्यांनी कार्डावरचा धागा स्टँडला लावला, प्रयोगशाळेतले पडदे ओढले आणि धाग्यावर लाल लेझर पॉइंटर धरला. २ मीटरवरच्या भिंतीवर मधला ठिपका सोडून दोन्ही बाजूंना एक लांब लाल पट्टा उमटला आणि त्यात ठरावीक अंतरावर काळोखाच्या फटी. बारीक वस्तूच्या कडांनी प्रकाश वळतो आणि वस्तू जितकी बारीक तितका पट्टा पसरट होतो. लेझरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर धरली, तर ५ मायक्रॉनच्या तंतूसाठी पहिली काळी फट मध्यापासून साधारण २६ सेंटीमीटरवर येते, ६ मायक्रॉनसाठी २२ सेंटीमीटरवर. एका मायक्रॉनचा फरक भिंतीवर दोन बोटांइतका होऊन दिसतो आणि साध्या टेपने मोजता येतो! दोन तंतू चिकटून असले तर पट्ट्याच्या आत आणखी बारीक रेघा पडतात, त्यावरून आपण एक तंतू पाहतोय की जोडी, तेही कळतं. ती टेप धरून भिंतीशी उभी होती आणि नाकतोडेवाल्या धाग्यांच्या फटी एकामागून एक आत सरकलेल्या निघत होत्या.

धागे जाडच होते. भाराला क्षेत्रफळाने भागल्यावर दोन गटांतला फरक मोजण्यातल्या चुकीच्या आवाक्यात आला. रेशीम जास्त ‘ताकदीचं’ झालं होतं असं म्हणायला आधार उरला नाही.

आणखी एक गाठ होती. नाकतोडे खाणाऱ्या माद्या त्या मुदतीत जास्त भरल्या होत्या, आणि जड मादीचा धागा एरवीही जाड असतो, कारण तिला स्वतःचं वजन त्यावर पेलायचं असतं. मग जाडी आली कुठून? नाकतोड्यातल्या एखाद्या विशिष्ट घटकातून, की वाढलेल्या वजनातून? सुदैवाने आहार सुरू करण्याआधीही प्रत्येक मादीचा धागा काढून कार्डावर ठेवलेला होता. त्यामुळे एका मादीची तुलना दुसरीशी न करता तिची तिच्याशीच करता आली: आधीची जाडी, नंतरची जाडी, आणि मधल्या काळात वाढलेलं वजन. जिचं वजन जास्त वाढलं तिच्या धाग्याची जाडीही बहुतेक वेळा जास्त वाढलेली. या दोन गोष्टी आमच्या मांडणीत एकमेकींपासून सुट्या करता येत नव्हत्या. माझ्या मते प्रबंधातलं सगळ्यात मोलाचं वाक्य ते आहे.

परतीच्या पावसात

मधेच परतीचा पाऊस आला आणि सोप्यात ठेवलेल्या कार्डांवरचे काही धागे आपोआप तणतणले, काही गोंदापाशी तुटले. हा या धाग्याचा जगावेगळा स्वभाव आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७० टक्क्यांच्या वर गेली की मुख्य धागा पाणी शोषतो आणि आक्रसतो. पूर्ण भिजला आणि टोकं मोकळी असली तर काही जातींत जवळजवळ निम्म्या लांबीवर येतो. भिजून आक्रसलेला धागा आणि कोरडा धागा यांची मोजमापं एका तक्त्यात घालणं साफ चुकीचं. पाऊस थांबेपर्यंत वाळूचं काम बंद ठेवलं आणि कार्डं बरणीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

पण याच स्वभावाचा उपयोगही करून घेता येतो. धागा किती आक्रसतो याचा त्यातल्या प्रोलीनच्या प्रमाणाशी संबंध आहे, हे फ्रिट्झ व्होलरात यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं. अमिनो आम्लांचं विश्लेषण आमच्या खर्चात बसणारं नव्हतं. पट्टी मात्र सगळ्यांकडे असते. १० सेंटीमीटरचा धागा घेऊन टोकं मुद्दाम जवळ आणायची, मधे झोळ ठेवायचा, फवारा मारायचा. झोळ गेला की टोकं आणखी जवळ. झोळ जायचा थांबला की तिथे मोजायचं. दोन गटांच्या आक्रसण्यात भरवसा ठेवावा असा फरक निघाला नाही. ओढण्याचा वेग एकच ठेवल्यामुळे या चाचणीला थोडं तरी वजन आहे, कारण वेगानेही आक्रसणं बदलतं. हा पुरावा आडवळणाचा आहे. तरी त्यावरून निदान एवढं सुचतं, की प्रोलीनमध्ये मोठी उलथापालथ झालेली नसावी.

तैवानच्या कामाशी ताडून

याच जातीवर तैवानमध्ये आय-मिन त्सो आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेलं काम समोर ठेवलं, तेव्हा आमच्या सोप्यातल्या गोष्टी ओळखीच्या वाटू लागल्या. त्यांनी एका गटाला रातकिडे दिले, दुसऱ्याला माश्या. रातकिडे खाणाऱ्यांचा मुख्य धागा जाड निघाला, पण रेशीम म्हणून पाहिलं तर कमी ताठर. सेरीन किंचित वाढलेलं, प्रोलीन, ग्लायसिन आणि ग्लुटामीन यांत फरक नाही. ताठरपणा मोजायला भार आणि त्याबरोबर धागा किती लांबतो हे एकत्र टिपणारं यंत्र लागतं, ते आमच्याकडे नव्हतं, त्यामुळे त्या मुद्द्यावर आम्ही काही बोललेलो नाही. जाडी आणि प्रोलीन याबाबत मात्र आमचं चित्र त्याच दिशेला जातं. एवढ्या साध्या साधनांवर हे जमलं याचा मला अभिमान वाटतो.

पुढचं वळण शॉन ब्लेमायर्स यांच्या गटाचं, २०१० सालचं. नाकतोडा किंवा रातकिडा जाळ्यात पडला की लाथा झाडतो, सगळं जाळं हादरतं. माशी नुसती भुणभुणते. कोळ्याच्या शरीराला फरक कळतो तो पोटात गेलेल्या अन्नाचा, की पायांना जाणवलेल्या हादऱ्याचा? त्यांनी दोन्ही वेगळे केले: काही कोळ्यांना मेलेले रातकिडे देऊन जाळं जिवंत माश्यांनी थरथरवलं, काहींना याच्या उलट. धाग्यावर परिणाम दोन्हींचा मिळून होतो असं निघालं. म्हणजे ‘आहार’ या शब्दात नुसतं अन्न मोजून भागत नाही, शिकारीची झटापटही मोजावी लागते. आबांच्या खुराकाच्या सिद्धांतात पैलवानाची मेहनत गृहीतच धरलेली असते, हे मला नंतर जाणवलं.

तिने हे करून पाहायचं ठरवलं. मेलेला नाकतोडा जाळ्यात अडकवला तर मादी ढुंकून बघत नाही. तेव्हा भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला नादकाटा आणला, टेबलाच्या कडेवर हलकेच आपटला आणि जाळ्याच्या आऱ्याला टेकवला. मध्यावर डोकं खाली करून बसलेली मादी गर्रकन वळली, पुढच्या पायांनी दोन आरे खेचून पाहिले आणि धावत काट्यापाशी आली. नादकाट्याला कोळी असा फसतो हे सी. व्ही. बॉइझ यांनी १८८० मध्येच नोंदवून ठेवलं आहे. काटा काढून तिथे नाकतोडा ठेवला की मादी तो गुंडाळून घेते. मुदत संपत आली होती, म्हणून यातून धाग्याची मोजमापं निघाली नाहीत. पण खाऊ घालण्याची रीत हाती आली.

तोंडी परीक्षेत विचारलं गेलं, की गुऱ्हाळावरच्या माश्या गोड रस पिऊन आलेल्या, म्हणजे तुमच्या माशीगटाला प्रथिन कमी आणि साखर जास्त मिळाली नसेल कशावरून? प्रश्न नेमका होता. तिने २०१२ सालच्या एका प्रयोगाचा आधार घेऊन उत्तर दिलं. त्यात तीन जातींच्या कोळ्यांना १० दिवस भरपूर प्रथिनाचं, कमी प्रथिनाचं किंवा प्रथिन नसलेलं द्रावण पाजलं होतं. प्रथिन तुटल्यावर दोन जातींच्या धाग्यात प्रोलीन आणि ग्लुटामीन दोन्ही घटले. तिसऱ्या जातीच्या धाग्यात प्रोलीन मुळातच कमी होतं, तिथे ते हललं नाही, ग्लुटामीनवर मात्र परिणाम झाला. आणि धाग्याच्या ताकदीत, ताणण्यात जे बदल दिसले, त्यांचा उलगडा नुसत्या मास्प-१ कडे सरकण्याने झाला नाही. ग्रंथीत आणि धागा ओढला जाताना जे घडतं त्याचाही हात असणार, असं त्या अभ्यासकांचं म्हणणं. आमच्या माशीगटात प्रथिन तेवढं तुटलं असतं तर आक्रसण्यात फरक दिसण्याची शक्यता होती, आणि तो दिसला नाही. याहून पुढे जाऊन तिने काही दावा केला नाही, ते मला आवडलं.

इचलकरंजीत यंत्रमाग असलेल्या तिच्या काकांचा प्रश्न व्यवहाराचा होता, “याचं कापड का काढत नाहीत?” काढलं आहे. मादागास्करमध्ये सोनेरी कोळ्यांच्या दहा लाखांहून जास्त माद्यांचे धागे ओढून एक वस्त्र विणलं गेलं आणि २००९ मध्ये ते लोकांसमोर आलं. रेशीमकिडे ट्रेमध्ये शेकड्यांनी पाळता येतात, कोळी एकमेकांना खातात, म्हणून त्याचा धंदा होत नाही. आहारातून धागा सुधारायचा खटाटोपही रेशीमकिड्यांवर जास्त सोपा. चीनमधल्या छिंग्हुआ विद्यापीठात तुतीच्या पाल्यावर कार्बन नॅनोट्यूब आणि ग्राफीन फवारून ते अळ्यांना दिलं गेलं आणि रेशीम जास्त ताण सोसणारं निघालं, असं २०१६ मध्ये जाहीर झालं.

प्रबंध जमा झाला तेव्हा शीर्षकातला ‘मजबुती’ हा शब्द जाऊन तिथे ‘जाडी आणि आक्रसणं’ आलं होतं. निष्कर्षात तीन गोष्टी आहेत. नाकतोडे खाणाऱ्या माद्यांचा मुख्य धागा जाड झाला आणि त्यामुळे जास्त भार पेलला. क्षेत्रफळाच्या हिशेबात रेशीम जास्त बळकट झाल्याचा पुरावा नाही. जाडीचं कारण भक्ष्याचा प्रकार की मादीचं वाढलेलं वजन, हे या मांडणीतून ठरत नाही. आबांनी ते वाचून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे सूत जाड हुतंय, पण सूत त्येच.” बरोबर आहे.

पुढच्या हंगामासाठी चार गट आखले आहेत: जिवंत नाकतोडा, नादकाट्यावर दिलेला मेलेला नाकतोडा, जिवंत माश्या, आणि नादकाट्यावर दिलेल्या मेलेल्या माश्या. या वेळी अन्नाचं माप नाकतोड्याच्या किंवा माशीच्या वजनावर ठरणार नाही. चारही गटांतल्या माद्यांचं वजन सारख्या गतीने वाढेल इतकंच प्रत्येकीला द्यायचं, म्हणजे जाडीचा गुंता तरी सुटेल. गुजरीचा काटा मामांनी दुपारपुरता पुन्हा कबूल केला आहे. माश्या मात्र मळीवरच्या घ्यायच्या नाहीत, घरीच वाढवायच्या असं ठरलं आहे, म्हणजे त्या काय खाऊन आल्या तेही आपल्याला ठाऊक असेल.